हृदयावरील ललितलेख : एका वैद्याचे वाचन

वैद्यकीय ग्रंथांखेरीज अन्य वाचनास दवाखान्याच्या धकाधकीत सवड मिळत नाही, ही आपणा सर्वांचीच तक्रार आहे. आमचीही होती. गेल्या दिवाळीत अमेरिकेत शिकणारी आमची पुतणी घरी आली आणि परत जाताना एक लहानसे इंग्रजी पुस्तक आमच्या मेजावर ठेवून गेली. "काका, तुमच्याच विषयावरचं आहे," एवढेच ती म्हणाली. विषय हृदय. लेखक मात्र ना वैद्य, ना शल्यविद, ना शरीरक्रियेचा अभ्यासक. ब्रायन डॉयल हे ऑरेगन राज्यातील पोर्टलंड विद्यापीठाच्या नियतकालिकाचे संपादक होते. मेंदूतील अर्बुदामुळे २०१७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांना जुळे मुलगे झाले. त्यांपैकी एकाच्या हृदयात चारऐवजी तीनच कप्पे होते. त्या बाळावरील शस्त्रक्रिया, त्याच्यावर उपचार करणारे हृदयतज्ज्ञ आणि त्या काळात बापाच्या मनात उठलेले प्रश्न यांवरचे 'द वेट इंजिन' म्हणजे 'ओले इंजिन' हे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध झाले. पुस्तकातच पुतणीने त्यांच्या आणखी एका लेखाची छायाप्रत घडी करून ठेवली होती. 'जोयास वोलादोरास' नावाचा हा जेमतेम दोन-तीन पानांचा लेख 'द अमेरिकन स्कॉलर' या त्रैमासिकात २००४ साली आला होता आणि तिला तो महाविद्यालयात अभ्यासाला होता.

आरंभीच कबूल करतो की हे लेखन आम्ही प्रथम वैद्याच्या खोडीनेच वाचले, म्हणजे हातात पेन्सील घेऊन आणि चुका शोधत. लेखाचे शीर्षक स्पॅनिश असून त्याचा अर्थ 'उडती रत्ने'. हे हमिंगबर्ड या पक्ष्याचे जुने नाव. हा पक्षी केवळ अमेरिका खंडांतच आढळतो. आपल्याकडे जास्वंदीवर भिरभिरणारा तो शिंजीर, त्याचे कूळ निराळे. उडताना हमिंगबर्डचे हृदय मिनिटास हजाराहून अधिक वेळा धडधडते आणि थंड रात्री तो जडवत निपचित पडला की तेच ठोके पन्नासाच्या आसपास येतात. तिथून लेखक निळ्या देवमाशाच्या प्रचंड हृदयाकडे जातो, मग मासे, कासवे, किडे यांच्या हृदयांतील कप्पे मोजतो आणि अखेरीस माणसाच्या हृदयापाशी येतो. आपण त्याभोवती कितीही भिंती बांधल्या तरी एखाद्या क्षुल्लक घरगुती प्रसंगाने त्या ढासळतात, असे सांगून तो थांबतो.

आमच्या पेन्सिलीस खाद्य मिळाले. देवमाशाच्या हृदयाचे वजन लेखकाने कित्येक टन दिले आहे. परंतु २०१४ साली न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मृत निळा देवमासा सापडला, त्याचे हृदय टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाने जतन केले, आणि त्याचे वजन सुमारे १८० किलो भरले. प्रत्येक प्राण्याच्या वाट्यास सुमारे दोनशे कोटी ठोके येतात, मग ते त्याने भराभर खर्चावेत वा सावकाश, असेही लेखक म्हणतो. आम्ही हिशेब केला. मिनिटास ७२ धरले तर माणसाचे दिवसाला एक लाखाहून थोडे अधिक ठोके होतात. म्हणजे दोनशे कोटी त्रेपन्नाव्या वर्षीच संपतात! आमचे वय शेहेचाळीस. या हिशेबाने आमच्या खात्यातील पावणेदोनशे कोटी खर्ची पडले असून जेमतेम सात वर्षांची शिल्लक आहे. सत्तरी गाठलेला आपला प्रत्येक रुग्ण या नियमाचा भंग करून बसलेला आहे.

परंतु चुका काढून झाल्यावर एक अडचण उभी राहिली. हाच न्याय आम्ही आमच्या संहितांना लावतो काय? सुश्रुतांनी शारीरस्थानात हृदयास अधोमुख कमळाची उपमा दिली असून जागेपणी ते उमलते आणि झोपेत मिटते असे म्हटले आहे. आपल्या परिषदांतून या वर्णनात आधुनिक शरीरक्रिया शोधणारे निबंध दरवर्षी वाचले जातात. बृहदारण्यक उपनिषदातील 'हृदय' शब्दाच्या तीन अक्षरांच्या फोडीवरून रुधिराभिसरण हार्वेच्या कितीतरी आधी आपल्याला ठाऊक होते, असे आम्हीही विद्यार्थिदशेत वक्तृत्वस्पर्धेत ठणकावून सांगितले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. वास्तविक उपनिषदाचा तो भाग हृदयाची ब्रह्म म्हणून उपासना सांगतो. तेथे रक्ताचा संबंध नाही. उपमेस पुरावा करण्याचा हा मोह आता आवरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उलट उपमेस उपमा म्हणूनच पाहिले तर ती किती नेमकी आहे हे कळते. मृत शरीर सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवून, वाळ्याच्या वा तत्सम कुंच्याने थर थर खरवडून पाहावे, असे सांगणाऱ्या आचार्यांची ती उपमा आहे. टोक खाली, देठ वर आणि त्या देठाच्या जागी मोठ्या वाहिन्या. कमळाची कळी उलटी धरली की छातीतील हृदयच. ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्यालाच हे सुचावे. डॉयल यांचेही तसेच. वजनात ते चुकले असतील, पण मुलाच्या हृदयाचे चित्र त्यांनी डॉक्टरांकडून कागदावर काढून घेऊन समजून घेतले असावे, इतका त्यांचा कप्प्यांचा तपशील जिव्हाळ्याचा आहे.

अशा बाळांच्या हृदयाविषयी थोडे सांगणे येथे अवश्य आहे, कारण आपल्या अभ्यासक्रमात ते आम्हास फारसे शिकवले गेले नव्हते. काही बाळांत दोन जवनिकांचे काम एकाच जवनिकेवर येऊन पडते. शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळते, बाळ निळसर दिसते. फ्रान्समधील शल्यविद फोंतान यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेने अशा मुलांचे आयुष्य पालटले. या पद्धतीत, जी आज टप्प्याटप्प्याने केली जाते, शरीरातून परतणारे रक्त हृदयात न नेता सरळ फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीस जोडतात. मग ते रक्त फुप्फुसात ढकलण्यास पंपच उरत नाही. शिरांतील दाबाने आणि आत घेतलेल्या श्वासाच्या ओढीने ते पुढे सरकते. एकच जवनिका, आणि तिच्या जोडीला श्वास. प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय आहे, असे चरकांनी विमानस्थानात म्हटले आहे. त्याची आठवण येथे झाल्याशिवाय राहिली नाही. आठवण झाली एवढेच म्हणतो. तो पुरावा म्हणून मांडणार नाही, हे वर लिहून बसलो आहोत.

बाळाच्या आजाराची ती पाने वाचताना पेन्सील खाली ठेवावी लागली. त्याचे कारण २००६ सालचे आहे.

आमचा दवाखाना सुरू होऊन दुसरेच वर्ष होते. शेजारच्या गावातील एक आजी पाच महिन्यांच्या नातवास घेऊन आल्या. बाळाची आई मागे उभी होती, बोलत होत्या त्या आजीच. बाळास सारखा खोकला, अंगावर धरत नाही, वजन साडेचार किलो. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, दूध ओढताना दमतंय बघा पोर. दोन घोट घेतं, थांबतं, परत घेतं. कपाळ घामानं भिजून जातं." आम्ही केसपेपरवर 'कास, बालशोष' असे लिहिले. बालचातुर्भद्र चूर्ण, अरविंदासव आणि अंगास लावण्यास तेल दिले. बाळ रडू लागले म्हणून स्टेथोस्कोप पाठीवर टेकवला, घुरघुर ऐकली आणि उचलला. छातीवर पुढून ठेवलाच नाही. श्वास मोजले नाहीत. असे तीन महिन्यांत चार वेळा घडले. मध्ये एकदा खोकला उतरला तेव्हा आम्हास समाधानही वाटले होते.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एका बालरोगतज्ज्ञांनी उरोस्थीच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप ठेवला आणि मर्मर ऐकला. टू-डी इकोत दोन जवनिकांमधील पडद्यास मोठे छिद्र आढळले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. तिच्या नऊ दिवस आधी फुप्फुसाच्या संसर्गाने ते बाळ गेले.

आम्ही आधी ओळखले असते तर ते वाचले असते काय, हा प्रश्न आम्ही एकोणीस वर्षे बाजूस सारला. निश्चित उत्तर कोणीच देऊ शकत नाही, आणि ती अनिश्चितता आम्हास सोयीची होती. पण आजींनी निदान सांगितले होते, तेही त्यांच्याच साध्या शब्दांत. दूध ओढताना दम लागणे, थांबून थांबून पिणे, कपाळावर घाम, वजन न वाढणे, वारंवार छाती भरणे. आज कोणत्याही बालरोगाच्या पुस्तकात तान्ह्या बाळाच्या हृदयदौर्बल्याची हीच लक्षणे याच क्रमाने सापडतात. आम्ही ऐकले, पण नोंदले फक्त 'बालशोष'. डॉयल यांच्या मुलाच्या छातीवर कुणीतरी वेळेवर कान ठेवला, एवढाच दोन बाळांतील फरक होता असे म्हणणार नाही. ती व्यवस्था, तो पैसा निराळा. परंतु कान ठेवण्यास आम्हास पैसा लागणार नव्हता.

जन्मतः हृदयदोष असलेली बाळे हजारी आठ ते नऊ जन्मतात. म्हणजे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या खुर्चीसमोर अशी बाळे येऊन गेलेली आहेत, ओळखली गेली असोत वा नसोत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात आणि त्या पथकांत बहुतांश आपलेच आयुष पदवीधर आहेत. त्यांनी शोधलेल्या कित्येक मुलांच्या शस्त्रक्रिया शासकीय खर्चाने झाल्या. हे श्रेय आपल्या व्यासपीठांवरून फारसे सांगितले जात नाही. अर्जुनावरील निबंधांपुढे त्याला जागा कुठली? आम्ही स्वतः आता दोन महिने ते एक वर्ष वयाच्या प्रत्येक खोकणाऱ्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजतो आणि ते ५० वा अधिक भरले की छाती पुढून-मागून ऐकल्यावाचून लेखणी उचलत नाही. बाळ रडले तर आईस पाजण्यास सांगून थांबतो. पाजतानाच तर ते पाहायचे असते.

परंतु हे पुस्तक एवढ्यावरच आम्हास सोडीना, कारण त्यात बापाचेही हृदय आहे. मुलाच्या हृदयाची दुरुस्ती चालू असता बापाच्या छातीत काय चालले होते, ते लेखक त्याच शब्दाने सांगतो. पंप आणि जिव्हाळा यांस त्याच्यापाशी दोन शब्द नाहीत. प्रथम आम्हास हा गोंधळ वाटला. मग ध्यानात आले की आपल्याही भाषेत नाहीत. चरकांच्या अर्थेदशमहामूलीय अध्यायात हृदय हे दहा महामूल वाहिन्यांचे स्थान आहे, ओजाचे स्थान आहे आणि चेतनेचेही. भेलाचार्यांनी मनास शिर आणि टाळू यांच्यामध्ये जागा दिली, पण चरक-सुश्रुतांनी हृदय सोडले नाही. गर्भिणीस दोन हृदये असतात म्हणून तिला दौहृदिनी म्हटले आणि त्या दोहदाचेच आपल्या घराघरांत डोहाळे झाले. त्याच अध्यायात चरक हृदय आणि ओज राखण्याचा उपाय सांगतात तेव्हा मनास दुःख देणारी कारणे विशेषेकरून टाळावीत, असे सांगतात. हे सूत्र परीक्षेसाठी आम्ही घोकले होते. आता पुन्हा वाचताना त्या आजी आठवल्या.

नातू गेल्यावर वर्षभराने त्या स्वतःसाठी आल्या होत्या. छातीत थरथरते, आवळल्यासारखे होते, "नुसतं रिकामं रिकामं वाटतं" म्हणाल्या. आम्ही शहाणपणाने ईसीजी काढण्यास पाठविले. तो निर्दोष आला. रक्तदाबही ठीक. मग अर्जुनारिष्ट चार-चार चमचे, समभाग पाण्यातून, जेवणानंतर. बरे वाटते म्हणाल्या, म्हणून तेच चालू ठेवले. पुढे त्या चिठ्ठीवाचून दुकानातून परस्पर बाटली नेऊ लागल्या. आमच्या दृष्टीने तो रुग्ण मिटला होता.

पुस्तक मिटून आम्ही चरकसूत्रस्थानाचा सतरावा अध्याय काढला. वातज हृद्रोगाची कारणे सांगताना चरकांनी पहिले नाव घेतले आहे ते शोकाचे. मग उपवास, मग श्रम, मग रूक्ष, शुष्क आणि अल्प भोजन. लक्षणांत कंप आहे, वेष्टन आहे आणि शून्यता आहे. आजींचे 'रिकामं रिकामं' तेथे दोन हजार वर्षांपासून लिहिलेले होते. शोक आम्हास ठाऊक होता, किंबहुना त्यात आमचा वाटा होता. त्या सोमवार, गुरुवार आणि एकादशी करतात आणि एरवी भाकरी-चटणीवर दिवस काढतात, हे मात्र आम्ही कधी विचारलेच नाही. शोकाबद्दल विचारले नाही, कारण विचारण्यास धीर नव्हता. बाटली लिहून देणे सोपे होते.

अर्जुनाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. वाग्भटांनी आणि पुढे चक्रदत्तांनी हृद्रोगात त्याचा उपयोग सांगितला आहे, अर्जुन-क्षीरपाक आम्हीही देतो आणि योग्य जागी त्याचा गुण पाहिला आहे. परंतु चरकांच्या हृद्य गणातील दहा द्रव्यांत अर्जुन नाही, हे किती जणांच्या ध्यानात असते? तेथे आंबा, अंबाडा, लकुच, करवंद, कोकम, अम्लवेतस, दोन जातींची बोरे, डाळिंब आणि महाळुंग आहेत. सगळीच आंबट फळे! पाठांतराच्या नादात आम्हास त्याचे आश्चर्यही वाटले नव्हते. आमची समजूत अशी की जिभेस रुची आणणारे, जेवावेसे वाटायला लावणारे ते हृद्य, हा अर्थ चरकांस येथे अभिप्रेत असावा. ज्याचे जेवणावरून मन उडाले त्याच्या हृदयाची चिकित्सा ताटापासून सुरू होते. जाणकारांनी याहून वेगळे मत असल्यास अवश्य कळवावे.

औषधविक्रेते बांधव हे वाचतीलच. 'हार्टचं टॉनिक' म्हणून अर्जुनारिष्ट मागणारे ग्राहक त्यांच्याकडे रोज येतात. त्यांत तीन प्रकारची माणसे असतात. ज्यास खरोखर ईसीजी आणि रुग्णालय यांची तातडीची गरज आहे असा, ज्यास काहीच नाही असा, आणि ज्याच्या घरी कोणी गेले आहे असा. बाटली तिघांस एकच दिली जाते. ती कोणासाठी हवी आणि केव्हापासून, एवढे विचारण्यास गल्ल्यावर फार वेळ जात नाही. छातीत दुखून घाम आला, कळ हातात वा जबड्यात गेली असे ग्राहक सांगू लागला तर बाटली न देता त्यास रिक्षात बसवावे. तिसरी बाटली मागणाऱ्यास वैद्याकडे परत पाठवावे. विक्री एका बाटलीने घटेल.

माघात त्या आजी गुडघ्यांसाठी आल्या. आता सत्तरीपुढे गेल्या आहेत. गुडघे पाहून झाल्यावर आम्ही बाहेरच्या मुलास सांगितले की थोडा वेळ कोणास आत सोडू नये. मग त्या बाळाचे नाव विचारले. जुन्या केसपेपरवर ते असणार, पण आम्हास आठवत नव्हते. आजींनी ते सांगितले आणि काही वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. तेव्हा छाती पुढून तपासली नव्हती, तुम्ही घामाचे सांगितले होते तरी आम्ही ते लिहून घेतले नव्हते, असे आम्ही त्यांना सांगितले. "तुम्ही तरी त्या वेळी पोरच होता," त्या म्हणाल्या. मग त्याच्याविषयी बोलल्या. त्याला दिव्याकडे पाहण्याचा नाद होता. घाम पुसायला त्यांनी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा केला होता, तो अजून ट्रंकेत आहे. सून पुढे दोन मुलांची आई झाली, मुले शिकत आहेत, पण घरात त्याचे नाव कोणी काढत नाही. सुमारे अर्धा तास गेला. बाहेर रुग्ण कुरकुर करू लागले होते.

आम्ही गुडघ्यांसाठी तेल लिहून दिले. गुरुवार आणि सोमवार सोडण्याची विनंती केली. सोमवार सोडण्यास त्या तयार झाल्या नाहीत, गुरुवारचे पाहू म्हणाल्या. रोज भातावर तूप, आमसुलाचे सार आणि मिळेल तेव्हा डाळिंब घेण्यास सांगितले. अर्जुनारिष्टाची बाटली हवी काय, असेही विचारले.

"असू द्या," म्हणाल्या, "घरी अर्धी आहे." आणि काठी घेऊन उठल्या.